चमकत्या किटचा ठराव करण्याआधी: नाशिकच्या द्राक्ष उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष उत्पादक शेतकरी कंपन्या, सहकारी संघ आणि पॅकहाऊस यांचे संचालक

सप्रेम नमस्कार.

अतिनील दिव्याखाली चमकणारी कुपी, मोबाइलवर उमटणारा आकडा आणि 'दहा मिनिटांत रेसिड्यू', म्हणजे द्राक्षात उरलेला फवारणीच्या औषधाचा अंश, 'कळेल' असे आश्वासन. असे किट आज ना उद्या तुमच्या बैठकीत मांडले जाईल. ते घ्यायचे की नाही याचा ठराव होण्याआधी हे पत्र वाचावे, एवढीच विनंती. आम्ही रसायनशास्त्र शिकवणारी आणि अंश-विश्लेषणात काम करणारी माणसे आहोत. हे तंत्र खोटे नाही, उलट चांगले आहे. पण खरेदीच्या वेळी 'किती मिनिटे लागतात' आणि 'किती रुपये पडतात' एवढेच विचारले जाते. 'छाप नसलेल्या कणांवर काय आकडा आला' (ही छाप कसली ते पुढे सांगतो) हे सहसा कुणी विचारत नाही, आणि सगळी मेख तिथे आहे.

आधी आत काय असते ते सांगतो. कुपीत असतात क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे २ ते १० नॅनोमीटरचे चमकणारे कण. कण लहान तर उजेड निळा-हिरवा, मोठा तर तांबडा. २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना या कणांच्या शोधासाठी मिळाले, म्हणून माहितीपत्रकात नोबेलचा उल्लेख दिसला तर बुचकळ्यात पडू नका. नोबेल कणांना मिळाले आहे, किटला नाही. या कणाभोवती पॉलिमरचा पातळ थर चढवतात. थर घट्ट होत असताना त्यात आपल्याला शोधायच्या औषधाचे रेणू मिसळलेले असतात. नंतर ते धुऊन काढले की त्यांच्या मापाच्या खाचा मागे राहतात. हे इम्प्रिंटेड, म्हणजे औषधाची छाप पाडलेले पॉलिमर, थोडक्यात एमआयपी. गुंटर वुल्फ यांनी १९७०च्या दशकात आणि पुढे क्लाउस मोसबाख यांनी ही पद्धत रुळवली. नमुन्यातला औषधाचा रेणू खाचेत बसला की तो कणाचा इलेक्ट्रॉन किंवा ऊर्जा ओढतो आणि उजेड मंदावतो. किती मंदावला त्यावरून किती औषध आहे ते काढायचे.

आता हिशेब. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही, तिथे ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही अंशाची सरसकट मर्यादा लागते. क्लोरपायरिफॉसला २०२०पासून तीच लागू आहे. १० ग्रॅम द्राक्षाचा लगदा १० मिलि असिटोनायट्राइलमध्ये काढला, तर या मर्यादेवर असलेल्या नमुन्याच्या अर्कात दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम औषध असते. हा अर्क तसाच सेन्सरवर ओतता येत नाही, कारण विद्रावक जास्त झाला की कण गोळा होतात. म्हणून २.९ मिलि सेन्सर-द्रवात ०.१ मिलि अर्क घालतात. म्हणजे तीसपट पातळ. उदाहरणापुरते इमिडाक्लोप्रिड धरू, रेणुभार २५५.७. कुपीत उरते दर मिलिलिटरला ०.३३ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे १.३ नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे द्रवातल्या रेणूंच्या संख्येवरून मोजलेली तीव्रता). आता माहितीपत्रकावर 'शोधमर्यादा ५० नॅनोमोलर' असे झळकत असेल आणि ती कुपीतली असेल, तर उलटा हिशेब करून पाहा: ती फळात ०.३८ मिलिग्रॅम प्रति किलो इतकी भरते. कडक मर्यादेच्या अडतीसपट. अर्क नायट्रोजनखाली दहापट आटवला तरी ०.०३८, म्हणजे अजून जवळजवळ चौपट. शिवाय आटवताना औषधाबरोबर साखर, रंगद्रव्ये आणि आम्लेही दहापट होतात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असू शकते, ती चालू हंगामाच्या यादीतून घ्या. पण विक्रेत्याला एकच वाक्य लिहून द्यायला सांगा: 'शोधमर्यादा द्राक्षात, मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये.' नॅनोमोलरमधला आकडा दिसायला छान असतो, पण तो बहुतेक वेळा शुद्ध पाण्यातला असतो.

पुढचा मुद्दा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उजेड मंदावण्याला औषधच कारण असते असे नाही. द्राक्षाच्या अर्कातली फिनॉलवर्गी द्रव्ये दिव्याचा प्रकाश स्वतःच शोषून घेतात. समजा, अर्क मिसळलेल्या कुपीचे शोषण उत्तेजन-लहरीवर (दिव्याच्या प्रकाशाच्या लहरीवर) ०.१५ आणि कणांच्या उजेडाच्या लहरीवर ०.०२ आहे. दोन्हींची बेरीज करून अर्धी केली की ०.०८५, आणि दहाचा तेवढा घात म्हणजे १.२२. याचा अर्थ, औषधाचा एक रेणू नसतानाही उजेड सुमारे १८ टक्के कमी दिसणार. काळ्या द्राक्षात हे आणखी बिघडते. यावर उपाय म्हणून प्रत्येक बॅचसोबत एनआयपी बनवतात: तेच कण, तोच थर, तीच धुलाई, फक्त औषधाचा रेणू न घालता. एमआयपीवर २२ टक्के घट आणि एनआयपीवर १८ टक्के घट आली, तर तुमच्या हाती खरी माहिती ४ टक्क्यांची आहे. एमआयपीचा प्रतिसाद एनआयपीच्या किती पट, याला इम्प्रिंटिंग फॅक्टर म्हणतात. तो २ ते ३ असेल तर पुढे बोलावे. १.२ असेल तर खाचा नावापुरत्या आहेत आणि तुम्ही महागडी चिकट पावडर विकत घेताय. एनआयपीची कुपी किटमध्ये नसेल तर ते किट अपुरे आहे, मग दाखवण्यात कितीही छान चमको.

नाशिकच्या बागांसाठी एक खास अडचण आहे, ती बाहेरच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. तांबे. बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची बुरशीनाशके आपल्या बागांना नवी नाहीत, आणि मण्यावर तांब्याचा अंश मिलिग्रॅमच्या पातळीवर असू शकतो, तोही नियमात बसून. कॅडमियम टेल्युराइडचे कण तांब्याच्या आयनाला फार हळवे असतात, इतके की याच कणांवर तांबे मोजण्याचे सेन्सर बनवतात. म्हणजे डावणी या बुरशीच्या रोगासाठी मारलेल्या बोर्डोमुळे किट 'कीटकनाशक सापडले' असे सांगू शकते. असिटोनायट्राइल आणि मिठाने थर वेगळे करण्याच्या पद्धतीत बहुतेक तांबे खालच्या पाण्याच्या थरात राहते, म्हणून तिथे धोका कमी. 'नुसत्या पाण्यात मणी बुडवा' म्हणणाऱ्या किटमध्ये तो पुरेपूर आहे. ईडीटीए हे धातू धरून ठेवणारे रसायन घालून तांबे बांधता येते, पण जास्त झाले तर ते कणाच्या पृष्ठभागावरचे कॅडमियम किंवा जस्तही ओढते आणि उजेड उगाच बदलतो. खरेदीआधी एक साधी परीक्षा घ्या. औषधमुक्त द्राक्षाच्या अर्कात लिटरला ०.५ मिलिग्रॅम तांबे भरेल इतके मोरचूद घाला आणि आकडा हलतो का बघा. हलला, तर तिथेच थांबा.

ज्यांच्याकडे महाविद्यालयाची प्रयोगशाळा जोडलेली आहे आणि जे स्वतः सेन्सर बनवू पाहतात, त्यांच्यासाठी थोडे खोलात जातो, कारण इथे छोट्या गोष्टींनी काम बिघडते. सिलिकाच्या थरासाठी औषध आणि एपीटीईएस व टीईओएस (ज्यांपासून हा थर बनतो ती दोन द्रव रसायने) यांचे मोलमधले प्रमाण १:४:२० पासून सुरू करावे. इमिडाक्लोप्रिडसाठी ते असे भरते: औषध १२.८ मिलिग्रॅम, एपीटीईएस ४७ मायक्रोलिटर, टीईओएस २२३ मायक्रोलिटर. आधी औषध आणि एपीटीईएस इथेनॉलमध्ये अर्धा ते एक तास ढवळावे, म्हणजे दोघांचे हायड्रोजन-बंध जुळतात. ही पायरी गाळून सगळे एकदम ओतले तर खाचा विस्कळीत होतात आणि एमआयपी व एनआयपी सारखेच वागू लागतात. मग क्वांटम डॉट, मग टीईओएस, शेवटी २५ टक्के अमोनिया १०० ते २०० मायक्रोलिटर, थेंबाथेंबाने. अंधारात १२ तास ढवळत ठेवावे. अमोनिया एकदम पडला की सिलिकाचे वेगळेच गोळे तयार होतात, ज्यांच्या आत चमकणारा कणच नसतो. थर जाड झाला तर आतल्या खाचांपर्यंत रेणू पोचायला तास लागतो. पातळ थराला १५ ते २० मिनिटे पुरतात. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे अल्कलीत हळूहळू फुटतात. तिथे अमोनियाची ही कृती वापरली तर छाप मूळ औषधाऐवजी त्याच्या तुकड्याची पडू शकते. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग शोधावा.

धुलाईत बहुतेकांची फजिती होते. पुस्तकी कृतीत मिथेनॉल आणि असिटिक आम्ल ९:१ असते. साध्या पॉलिमरला ते ठीक आहे. कॅडमियम टेल्युराइड किंवा झिंक सल्फाइडचे कण आत असतील तर हेच आम्ल त्यांना खाते आणि धुऊन झाल्यावर हातात मंद, करडी पावडर उरते. इथेनॉल आणि असिटोनायट्राइलच्या मिश्रणाने, सेंट्रिफ्यूज करत, पुन्हा पुन्हा धुवावे. धुवणाचे २७० नॅनोमीटरवरचे शोषण शून्यावर आले की धुलाई झाली असे धरतात. हे पुरेसे नाही. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमच्या खालचे इमिडाक्लोप्रिड जेमतेम दिसते, आणि आपल्याला कुपीत ०.३३ हवे आहे. शेवटचे धुवण एलसी-एमएसवर, म्हणजे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर, तपासावे. कारण खाचेत अडकलेले जुने रेणू वापराच्या वेळी सुटू लागले की उजेड वाढतो, आणि नमुन्यातल्या औषधाने झालेली घट झाकली जाते. दूषित माल 'स्वच्छ' दिसतो. पॅकहाऊसच्या दृष्टीने यापेक्षा वाईट चूक नाही. खोटा 'सापडले' फार तर एका चाचणीचा खर्च वाढवतो, खोटा 'नाही सापडले' कंटेनर अडकवतो.

कोणत्या औषधासाठी हे तंत्र जमते आणि कोणत्यासाठी नाही, तेही ठरावाआधी कळले पाहिजे. इमिडाक्लोप्रिडसारख्या नायट्रो गट असलेल्या रेणूंना इलेक्ट्रॉन ओढायची सवय असते, त्यामुळे ते खाचेत बसल्यावर उजेड मंदावण्याची शक्यता चांगली. सायहॅलोथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडवरही असे सेन्सर बनले आहेत. पण २०१०मध्ये ज्याच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, ते क्लोरमेक्वॅट क्लोराइड, आपल्याकडचे सीसीसी, हे या तंत्राला नेमके अवघड जाते. रेणू लहान, कायम धनभारित, त्यात ना वलय ना प्रकाशाशी काही देणेघेणे. सिलिका आणि कणांची टोपी (कणावर चिकटवलेला रेणूंचा थर) ऋणभारित असते, त्यामुळे तो एमआयपीवर आणि एनआयपीवर सारखाच चिकटतो. प्रयोगशाळेतही त्याच्यासाठी वेगळी, ध्रुवीय रेणूंची पद्धत वापरावी लागते. म्हणून 'सीसीसीसकट सगळे एकाच कुपीत' असा दावा ऐकला तर तो विक्रेत्याने वीस नमुन्यांवर सिद्ध करून दाखवावा.

आणि 'सगळे' हा शब्दच या तंत्रात बसत नाही. एका छापेला एक औषध, फार तर एक कुळ. निर्यातीच्या तपासणीत शेकडो रेणू बघितले जातात. ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या नोंदप्रणालीवर चालणारा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच हवा, आणि हे किट ती जागा घेऊ शकत नाही. त्याचा खरा उपयोग एवढाच: मिलीबगसाठी मारलेल्या एखाद्या औषधाचा पीएचआय (फवारणी ते काढणी यांतला सक्तीचा कालावधी) संपला आहे, पण थंडीमुळे अंश उतरायला वेळ लागत असेल अशी शंका आहे, वीस प्लॉटपैकी कोणत्या चारांचे नमुने आधी पाठवायचे आणि कोणते आठ दिवस थांबवायचे, हे ठरवायला ते चालेल. एवढे काम नीट झाले तरी किटचा पैसा वसूल होतो.

वापरायचे कसे, ते थोडक्यात. प्लॉटच्या कडेच्या दोन ओळी सोडून, वाकडेतिकडे फिरत, कॅनॉपीच्या आतले-बाहेरचे आणि दोन्ही अंगांचे घड घ्यावेत, किमान २ किलो. धुऊ नये, देठ काढावेत. सगळे एकत्र वाटावे, मणी निवडून नव्हे. १० ग्रॅम लगदा ५० मिलिच्या नळीत, १० मिलि असिटोनायट्राइल, एक मिनिट जोरात हलवणे. मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ, आणि लगेच हलवणे. थोडा जरी वेळ गेला तरी सल्फेटचा दगड होतो, नळी तापते आणि अर्क अर्धवट निघतो. पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करून वरचा १ मिलि थर १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि ५० मिलिग्रॅम पीएसए या शुद्धीकरणाच्या पावडरीच्या नळीत घ्यावा. पीएसए आम्ले आणि काही साखर धरते. हे टाळू नका: द्राक्षाचा रस आम्लधर्मी असतो आणि थायॉलची टोपी घातलेले कण पीएच ५च्या आसपास गोळा होऊन खाली बसतात. कुपीतले द्रव १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४ वर असावे. त्यासाठी दुहेरी ऊर्ध्वपातित पाणी घ्या. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमही कण जमवते.

अर्क घातल्यावर १५ ते २० मिनिटे अंधारात, मग कुपी उलटीपालटी करून तीनदा वाचन. हलवायचे राहिले तर जड कण तळाला बसतात आणि दिव्यासमोर कमी कण उरतात. आकडा खाली येतो आणि औषधाचे नाव फुकट बदनाम होते. दर फेरीला औषधमुक्त द्राक्षाचा अर्क आणि त्यातच ठरावीक औषध मिसळलेला अर्क, हे दोन नमुने एमआयपी व एनआयपी दोन्हींवर चालवावेत. मिसळलेला नमुना ७० ते १२० टक्क्यांत परत मिळाला नाही तर त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द.

तापमानाचेही पथ्य आहे. कुपी गरम झाली की उजेड उतरतो. प्रीकूलिंगमधून काढलेल्या कुपीवर दव बसते आणि प्रकाश विखुरतो. मार्चच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी काढलेला मानक दुपारी चालत नाही. सगळे नमुने एकाच खोलीत, अर्धा तास ठेवून मगच वाचा. मोबाइलचा कॅमेरा वापरत असाल तर आयएसओ, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा. कॅमेरा अंधारी कुपी स्वतःहून उजळ करतो आणि आपण मोजतोय तीच गोष्ट पुसून टाकतो. दोन रंगांचे किट, म्हणजे आतला निळा कण स्थिर आणि बाहेरचा तांबडा बदलणारा, यात दिव्याची चढउतार बरीच कापली जाते. शक्य असेल तर तेच घ्या. मात्र आतला निळा कार्बन डॉट असेल तर द्राक्षातल्या फिनॉलांचाही उजेड त्याच पट्ट्यात पडतो, हे ध्यानात ठेवा.

कॅडमियमचा विषय विक्रेते सहसा काढत नाहीत. कॅडमियम टेल्युराइडच्या कुप्या अन्न पॅक होते त्या हॉलमध्ये आणूच नयेत. चाचणीची खोली वेगळी, हातमोजे वेगळे, वापरलेले द्रव बेसिनमध्ये नाही तर झाकणाच्या कॅनमध्ये, आणि तो कॅन अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे. मँगनीज मिसळलेल्या झिंक सल्फाइडचे कण कॅडमियममुक्त आहेत, त्यांचा नारिंगी उजेड ५९० नॅनोमीटरच्या आसपास असतो. पण त्यांना ३०० नॅनोमीटरच्या जवळचा दिवा आणि क्वार्ट्झची कुपी लागते. ३६५च्या स्वस्त एलईडीवर आणि प्लॅस्टिकच्या कुपीत ते जमत नाही, शिवाय ३००वर द्राक्षातली फिनॉले जास्त शोषतात. दोन्हींचे दुखणे वेगळे आहे. कोणते परवडते ते तुम्ही ठरवा, पण काय घेताय ते माहीत असू द्या.

आमची मागणी अशी. खरेदीच्या अटींत पुढील परीक्षा लिहून घ्यावी आणि ती तुमच्याच आवारात, तुमच्याच द्राक्षावर व्हावी: वेगवेगळ्या प्लॉटचे २० औषधमुक्त नमुने, प्रत्येकात मर्यादेइतके औषध मिसळलेले, त्यांपैकी किमान १९ किटने पकडले पाहिजेत. तेच २० नमुने औषध न मिसळता. त्यांत किती खोटे 'सापडले' निघाले ते नोंदवावे. सोबत तांब्याची परीक्षा, एनआयपीचे आकडे, शेवटच्या धुवणाचा एलसी-एमएस अहवाल आणि बॅचनिहाय कॅलिब्रेशन, म्हणजे उजेडाच्या घटीवरून औषध काढण्याचा आलेख. नवी बॅच आली की कॅलिब्रेशन नवे, जुना आलेख चालणार नाही. कुप्या ४ अंशांवर, अंधारात ठेवाव्यात. गोठवल्या तर कण कायमचे गोळा होतात, नंतर हलवून उपयोग नाही. परीक्षेचे नमुने गुप्त क्रमांक देऊन तिसऱ्या माणसाने तयार करावेत, आणि त्यांतले पाच तरी त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावेत. निम्मी रक्कम या निकालानंतर द्यावी. आगाऊ पूर्ण रक्कम मागणाऱ्याशी बोलणी तिथेच थांबवावीत.

परीक्षेचा मसुदा आणि नमुने बनवण्याची तक्ताबद्ध कृती आम्ही लिहून द्यायला तयार आहोत, मोबदल्याशिवाय. गोडी छाटणीआधी, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीआधी, मागितलीत तर काढणीपर्यंत दोन्ही कामे होतील.

आपले,
नाशिकमधील रसायनशास्त्राचे काही अध्यापक आणि अंश-विश्लेषक